छतावरच्या कांद्याला आवाज नाही

घरातली वस्तू बिघडली आहे की नाही, हे त्या वस्तूला ठरवता येत नाही. ते ठरवायला घरात एक अधिकारी माणूस असावा लागतो. त्याची मान्यता मिळेपर्यंत नळ गळत नाही, दार अडकत नाही आणि भिंतीला ओल येत नाही; फार तर जमिनीवर पाणी दिसतं. ही पद्धत ज्या घरांत नीट पाळली जाते ती घरं वर्षानुवर्षं उभी राहतात. (थोडी कलतात, पण उभी राहतात.)

आमच्या घरी दुरुस्ती खातं लग्नापासून यांच्याकडे आहे. बाकीची खाती या हातातून त्या हातात गेली. स्वयंपाकाचं माझ्याकडून सुनेकडे गेलं, बँकेचं यांच्याकडून मुलाकडे, आणि रुसण्याचं माझ्या सासूबाईंकडून नणंदेकडे व तिच्याकडून थेट नातीकडे. दुरुस्ती मात्र कुणी मागितली नाही आणि यांनी सोडली नाही. खात्याची मालमत्ता म्हणजे हत्यारांची पत्र्याची पेटी, शिलाई मशीनच्या तेलाची लांब चोचीची बुधली, लाकडी शिडी आणि यांचे कान.

कान शेवटी सांगितले, पण खरं भांडवल तेच. त्या काळी घरातल्या वस्तू बोलक्या होत्या. हल्लीच्या वस्तू मुकाट्यानं बिघडतात आणि एक लाल दिवा लावून बसून राहतात. त्यात काही जिव्हाळा नाही. तेव्हाचं फाटक, तेव्हाची सायकल, तेव्हाचा हातपंप बिघडायच्या कितीतरी आधीपासून कुरकुरायचे, आणि हे अंघोळ करता करता आतून ओरडायचे, "मागच्या दाराचं वरचं बिजागर!" मी जाऊन बघावं तर खरोखर वरचंच. एकदा मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक घरी आले होते. ते येरझाऱ्या घालत शिस्तीवर बोलत होते आणि हे डोळे मिटून ऐकत होते. मुख्याध्यापकांना वाटलं, विचार पटतायत. हे म्हणाले, "डावा." डाव्या जोड्याची टाच सुटली होती. (शिस्तीचा विषय तिथेच संपला.)

या खात्यात माझी नेमणूक शिडी धरण्याच्या जागेवर झाली. काम म्हणजे खाली उभं राहून शिडी घट्ट धरायची आणि "जपून हो" म्हणायचं. पहिलं काम कुणीही करील. दुसऱ्याला अनुभव लागतो. लवकर म्हटलं तर ते ऐकत नाहीत, उशिरा म्हटलं तर पडलेले असतात.

आता कांद्याबद्दल. ज्यांच्या छतावर कांदा नाही त्यांच्यासाठी सांगते. पोटमाळ्यावर कोंडलेली गरम हवा निघून जावी म्हणून छताला भोक पाडतात आणि त्यावर पातळ पत्र्याच्या पाकळ्यांचा एक गोल घुमट बसवतात. वारा आला की तो आपला आपण फिरतो आणि आतली हवा ओढून बाहेर टाकतो. त्याला वीज लागत नाही की बटण लागत नाही. (बटण नसल्यामुळे तो बंदही करता येत नाही. ही सोय आम्हाला नंतर कळली.) दुकानात त्याचं काहीतरी भारदस्त नाव होतं, पण तो दिसतो सोललेल्या कांद्यासारखा, म्हणून आमच्याकडे तो कांदाच.

मुलगा कॉलेजात होता तेव्हा यांनी तो स्वतःच्या हातानं बसवला. पहिल्या वाऱ्याला पाकळ्या फिरू लागल्या तेव्हा हे छताच्या कण्यावर घोड्यावर बसावं तसे दोन्हीकडे पाय टाकून बसले होते आणि खाली यायला तयार नव्हते. चहा वर मागवला. मी एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं कप दिला. इतकं टापटिपीचं सरकारी उद्‌घाटनसुद्धा मी पाहिलेलं नाही.

यंदा तो कांदा बोलू लागला.

काय बोलू लागला, यावर घरात एकमत नाही. मुलाच्या मते कुईकुई, सुनेच्या मते करकर. नातीच्या मते कुणीतरी आभाळातून लोखंडी कपाट ओढत नेतंय. मी कुरकुर म्हणते, कारण नुसत्या आवाजाला कारण नसतं, कुरकुरीला असतं. वारा मंद असला की तो मधूनच एखादा शब्द टाकायचा. वारा वाढला की सगळा मजकूर सांगायचा. वादळी वारा आला त्या दुपारी शेजारच्या वकिलांनी पक्षकाराला अर्ध्यावर थांबवून खिडक्या लावून घेतल्या म्हणे.

रीतसर तक्रार मुलानं जेवताना केली. "बाबा, वरचा कांदा फार आवाज करतोय."

यांनी घास हातात तसाच धरला. मान किंचित तिरकी केली. डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. वर कपाट ओढत नेण्याचं काम जोरात चालू होतं.

"मला तर काही ऐकू येत नाही," हे म्हणाले, आणि घास तोंडात घातला.

ताटांवरून सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्या माणसानं न्हाणीघरातून बिजागर ओळखलं, त्याला डोक्यावरचा कांदा ऐकू येत नव्हता.

त्याच संध्याकाळी सुनेनं स्वयंपाकघरात बैठक बोलावली. बैठकीतलं यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मिक्सर लावला. (ज्याला ऐकू येत नाही त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मिक्सर लावावा लागतो, यात काही चुकतंय असं बैठकीत कुणाच्याही लक्षात आलं नाही. बैठकांमध्ये असं होतं.)

"आई, बाबांचे कान गेलेत," सून मिक्सरवरून ओरडली.

"एकदा तपासून घेऊ," मुलगा म्हणाला. "हल्ली मशीन इतकं बारीक येतं, दिसतसुद्धा नाही."

"पण त्यांना हे सांगायचं कुणी?" मी विचारलं.

मिक्सरमध्ये काहीच नव्हतं, तरी आम्ही तो बराच वेळ फिरवला.

शेवटी सर्वानुमते धोरण ठरलं, की जोपर्यंत यांना आवाज ऐकू येत नाही तोपर्यंत आवाज नाही. यालाच साध्या भाषेत कानाडोळा म्हणतात, पण कानाडोळा हा ज्याचा त्याने आपापला करायचा असतो. आमचा सार्वजनिक होता, म्हणून त्याला नियम लागले. कांदा बोलू लागला की कुणी छताकडे पाहायचं नाही. यांच्याशी मोठ्यानं बोलायचं, पण मोठ्यानं बोलतोय असं वाटू द्यायचं नाही. "काय म्हणालात?" असं विचारण्याचा हक्क फक्त यांना.

धोरणाला उत्तम यश आलं. घरातल्या पाच माणसांपैकी आवाज ऐकणारी चार होती आणि कबूल करणारं एकही नव्हतं. नातीनं आपली गादी वरच्या खोलीतून बैठकीच्या खोलीत आणली, "इथे वारा छान येतो" म्हणून. सून फोनवर बोलायला फाटकाबाहेर जाऊन उभी राहू लागली, "ऊन अंगावर घ्यायला." टीव्ही इतका मोठा झाला की बातम्या देणारी बाई आमच्यावरच चिडली आहे असं वाटायचं.

"एवढ्या मोठ्यानं कशाला?" हे कधीकधी विचारायचे.

आम्ही एकमेकांना खूण करायचो. आपलं व्यंग नाकारणं हेच त्याचं पहिलं लक्षण, असं सुनेनं कुठेतरी वाचलं होतं.

वकील कुंपणापाशी येऊन म्हणाले, "काकू, ते तुमच्या छतावर जे आहे ना..."

"कुठे काय?" मी म्हटलं.

वकिलांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. असा साक्षीदार त्यांना आयुष्यात मिळाला नसावा.

फक्त नणंद आली तेव्हा धोरण डळमळलं. ती दारातच थांबून वर बघत म्हणाली, "दादा, वर काय मांजर पिळतोस का रे?"

"कुठे काय?" हे म्हणाले.

मी तिला ओढत आत नेलं आणि सगळं समजावलं. तिला कुजबुजता येत नाही. देवानं तिला एकच आवाज दिलाय. "अगं बाई वहिनी! दादा बहिरा झाला?" हे तिनं इतक्या काळजीनं विचारलं की वकिलांच्या घरातला कुत्रा भुंकला. हे बाहेर पेपर वाचत होते. पान उलटलं नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. यांनी पेटीला हात लावणं सोडलं होतं. फाटक अडकायला लागलं तर उचलून लावायचे आणि पुढे जायचे. मुलानं कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, आणि मला पुढचं सगळं दिसत होतं. आज कान जातील, उद्या पेटी पोटमाळ्यावर जाईल, परवा दिवा बदलायला बाहेरून माणूस येईल आणि हे त्याला खुर्ची देऊन बाजूला उभे राहतील. मशीन लावलेला नवरा मला चालला असता. खातं नसलेल्या नवऱ्याबरोबर कसं राहायचं असतं, ते मला येत नाही.

तेव्हा मी विचार केला. यांना ऐकू येतं ते एका बाजूला आणि जगात आहे ते दुसऱ्या बाजूला, एवढीच काय ती अडचण. कान दुरुस्त होणार नसतील तर जग दुरुस्त करावं. कांदा गप्प झाला, की यांचं म्हणणं खरं. मग डॉक्टरांकडे जायचं कारणच उरत नाही. मुलाला हे पटलं. (तो हिशेबतपासनीस आहे; दोन्ही बाजू जुळल्या की त्याचं समाधान होतं.)

हे फिरायला गेल्यावर मुलानं पत्रेवाल्याला बोलावलं. पत्रेवाला हा हरहुन्नरी आणि बडबड्या माणूस. शिडीला हात लावायच्या आधीच त्यानं सगळं छत बदलायचा सल्ला दिला, शिवाय कांद्याऐवजी दोन कांदे बसवायचा. आम्ही त्याला निक्षून सांगितलं, "हे बघा, आमचे हे मध्येच आले तर आवाजाचं नाव काढायचं नाही. वार्षिक तपासणी आहे म्हणायचं."

"म्हणजे आवाज नाहीये?"

"नाही."

"मग मी काय दुरुस्त करू?"

"आवाज," मुलगा म्हणाला.

पत्रेवाला वर गेला. मी सवयीनं शिडी धरली. त्यानं तेल घातलं, कांदा हातानं फिरवला, कांदा किंचाळला. पुन्हा तेल घातलं, पुन्हा किंचाळला. आणि फाटक उचलून लावल्याचा आवाज आला. हे परतले होते.

"वर कोण आहे?"

"वार्षिक तपासणी, बाबा!" मुलगा ठणाणा ओरडला.

"आजोबा!" वरून पत्रेवाला हात हलवत म्हणाला, "अहो, केवढा आवाज करतोय हा! कसे काय झोपता तुम्ही?"

मुलाला खोकल्याची उबळ आली. सून आत पळाली आणि तिनं मिक्सर लावला. हे मान वर करून कांद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खालच्या बेअरिंगमध्ये काय ओततोयस? वरच्यात सोड. तो आवाज वरच्याचा आहे. उन्हाळ्यापासनं तोच येतोय."

पत्रेवाल्यानं वरच्या बेअरिंगमध्ये तेल सोडलं. कांदा फिरला. नुसता फिरला. सगळी गल्ली शांत झाली. फक्त रिकामा मिक्सर चालू होता.

"तो बंद करा आधी," हे म्हणाले. "जळेल. रोजच रिकामा फिरवताय."

मुलाचा खोकला थांबला. "बाबा, म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं?"

"मी काय बहिरा आहे?"

या विषयावर आमची बरीच चर्चा झालेली होती आणि ती सगळी यांनी ऐकलेली होती, हे एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं होतं.

"अहो, मग म्हणालात का नाही?" मी विचारलं.

यांनी शिडीकडे पाहिलं. तळापासून वरपर्यंत, सावकाश. मग माझ्या शेजारी येऊन दुसऱ्या बाजूनं शिडी धरली.

"ऐकू येतंय म्हटलं असतं," हे हळूच म्हणाले, "तर चढावं लागलं असतं. गुडघे नाही म्हणतात गं."

पत्रेवाला उतरू लागला. आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "जपून हो."

यानंतर खात्यात किरकोळ फेरबदल झाले. चढण्याचं काम बाहेर दिलं. ऐकण्याचं यांच्याकडेच राहिलं. शिडी धरण्याच्या जागेवर आता दोन माणसं आहेत. डॉक्टरांची वेळ वाया जाऊ नये म्हणून मुलगा स्वतःच जाऊन आला. सून चार दिवस इतकं हळू बोलत होती की तिला पुन्हापुन्हा "काय म्हणालीस?" विचारावं लागत होतं. हे मात्र मजेत आहेत आणि पाहुण्यांचे जोडे ऐकतात.

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हातारपणी माणसं कशी सोंगं करतात. खरं आहे. तुमच्या घरी असलं काही चालत नाही, तुम्हाला सगळं वेळेवर ऐकू येतं, याचा मला आनंद आहे. फक्त एक सांगते. तुम्ही वाचत बसलात तेव्हापासून आतल्या खोलीतून तुम्हाला दोनदा हाक आली. पहिल्या हाकेला तुम्ही पान जरा वर धरलंत, दुसरीला तेही केलं नाहीत.

तुमचे कान उत्तम आहेत. गुडघ्यांना जपा.