गर्जे सरांची उलटी खुर्ची

आमच्या कॉलेजच्या मुलींनी आजवर शेकड्यांनी बास्केट केल्या असतील, पण त्यांना बास्केटबॉल शिकवणाऱ्या गर्जे सरांनी त्यांतली एकही पाहिलेली नाही. त्यांची नजर उत्तम आहे. सामना सुरू झाला की ते आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलतात, फिरवतात आणि जी बास्केट आपल्याला राखायची असते तिच्याकडे तोंड करून बसतात. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की खुर्चीही बदलते. आमच्या मुली चेंडू घेऊन पलीकडे सुसाट पळतात, प्रेक्षक उभे राहतात, शिट्ट्या वाजतात, आणि सर आपले रिकाम्या झालेल्या अर्ध्या मैदानाकडे बघत बसलेले. मग मान न वळवता हळूच विचारतात, "म्याडम, झालं का?"

म्याडम म्हणजे मी. मी अर्थशास्त्र शिकवते. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाई प्राध्यापक लागते आणि ती ठरवायची मीटिंग झाली तेव्हा मी नेमकी रजेवर होते. जो गैरहजर त्याच्या गळ्यात काम घालायची आमच्या स्टाफरूमची जुनी रीत आहे. तेव्हापासून मी संघाची मॅनेजर. केळी आणि पिशव्या सांभाळायच्या आणि सरांना "झालं" किंवा "नाही झालं" हे सांगायचं, एवढंच माझं काम. एकदा मी चुकून दुसऱ्या संघाच्या बास्केटलाही "झालं!" म्हणून ओरडले होते. सरांनी एवढंच म्हटलं, "म्याडम, ते मला दिसतंय. ते हिकडंच झालंय."

सर पाथर्डीकडचे. उंच, काटकुळे, गळ्यात शिट्टी. नोकरी आमच्या नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरकडच्या उसाच्या पट्ट्यात केली, पण बोली तिकडचीच ठेवली. दरवर्षी नवा संघ निवडला की पहिले कित्येक आठवडे ते चेंडू कपाटात घालून कुलूप लावतात. मुली वाकून, हात पसरून, खेकड्यासारख्या आडव्या पळत असतात. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटतं, यांचं काहीतरी हरवलंय. एकदा प्राचार्य मैदानावर आले आणि म्हणाले, "गर्जे, या खेळात चेंडू असतो ना?"

"असतो की सर. पन तो त्यांच्याकडं असतो. आधी काढून तर घेतला पायजे."

त्यांचं सगळं शास्त्र यातच आलं. आमचा संघ जिल्ह्यात पळण्यासाठी प्रसिद्ध. चेंडू हातात आला की समोरचा संघ वळायच्या आत आमच्या मुली पलीकडे पोचलेल्या असतात. इंग्रजीत त्याला फास्ट ब्रेक म्हणतात. लोक विचारतात, एवढं पळायला काय खायला घालता? सर म्हणतात, पळण्याचं काय घेऊन बसलात, आपल्या बास्केटखाली आडवं उभं राहून समोरचीचा नेम चुकवायचा, चुकलेला चेंडू उडी मारून धरायचा आणि कडेला फेकायचा, की पळणं आपोआप होतं. "बास्केट हितंच हुती. तिकडं नुसतं ठिवायला जायचं."

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे, "तुमी व्हा म्होरं, मी हाय इथं." लग्नाला गेलो की आम्ही पंगतीत बसतो आणि सर चपलांपाशी उभे. स्टाफची सहल भंडारदऱ्याला गेली तेव्हा सगळ्यांनी धबधबा पाहिला, सरांनी बस पाहिली. बसला ड्रायव्हर होता, क्लीनर होता, तरीही. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की हेच वाक्य. आम्ही सगळे पुढे झालो, आमची मुलं कॉलेजात आली आणि सर आपल्या दोन खोल्यांत एकटेच राहिले. आम्ही त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा करत असू. तेही हसत.

मागच्या दोन वर्षांपासून संघात रेणुका आहे. तीही पाथर्डीकडचीच. आईवडील ऊसतोडीला जातात म्हणून ती होस्टेलवर राहते. सरांनी तिला बास्केटखाली उभी केली. ती चेंडू धरते, फेकते, बाकीच्या चौघी पळतात आणि ती मागे राहते. पेपरात फोटो येतो तो पळणाऱ्यांचा. सामन्यानंतर मात्र मिसळीची पहिली प्लेट रेणुकाला मिळते, हा सरांचा नियम. त्यात कॅप्टनचंही चालत नाही.

यंदा दिवाळीनंतर नगरला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल होती. सामना सुरू होणार एवढ्यात मैदानाच्या फाटकातून रेणुकाचे वडील आत आले. बाहेर रस्त्याला त्यांच्या टोळीचा टेम्पो उभा होता. देवळाली प्रवराच्या बाजूला ऊस तोडायला निघालेला.

"सर, रेणुकाला न्यायला आलोय," ते म्हणाले. "तिच्या आईची कंबर धरलीया. वाकता येत न्हाई. कोयत्याला जोडीदार नको का?"

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कामही अर्धं. हे मला ठाऊक होतं, वर्गात शिकवतेही. पण ती पोर समोर मैदानावर हात पसरून उभी होती. एकदा का मुलगी उसाच्या फडात गेली की पुन्हा कॉलेजात येत नाही, हे काय आम्ही पाहिलेलं नव्हतं?

मला वाटलं सर आता समजावतील, शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगतील. सरांनी दुसरी खुर्ची ओढली, उलटी फिरवली आणि म्हणाले, "बसा भाऊ. म्याच होऊंद्या."

बाहेर टोळीच्या मुकादमाने हॉर्न वाजवला. वडील बसले. दोघं शेजारी शेजारी, सगळ्या जगाकडे पाठ करून. बराच वेळ झाल्यावर वडिलांनी विचारलं, "सर, ही म्होरं का जात न्हाई? भ्याती का?"

"ती हितं हाय म्हनून बाकीच्या जात्यात."

वडिलांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग मुलगी उडी मारायची तेव्हा त्यांचेही पाय खुर्चीखाली उचलले जाऊ लागले.

शेवटी दोन्ही संघ बरोबरीत होते आणि वेळ संपत आलेला. समोरच्या मुलीने नेम धरला. रेणुका तिच्यापुढे दोन्ही हात ताणून उभी राहिली. चेंडू कडीला लागून उडाला. रेणुकाने उडी मारून तो धरला आणि वळता वळता कडेला फेकला. आमच्या चौघी पळाल्या, त्यांच्या पाची जणी मागे लागल्या, सगळं मैदान तिकडे धावलं.

"म्याडम, झालं का?"

"झालं!" मी इतक्या जोरात किंचाळले की माझ्या मांडीवरची केळी खाली पडली. आम्ही जिंकलो होतो.

रेणुकाच्या वडिलांनी काही मागे वळून पाहिलं नाही. ते समोरच बघत होते. तिथे त्यांची मुलगी गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत, एकटी उभी होती.

"समद्या गेल्या," ते म्हणाले. "हीच ऱ्हायली."

"मी बी असाच ऱ्हायलो, भाऊ," सर म्हणाले. हे ते माझ्यासमोर प्रथमच बोलत होते. "माझे आईबाप दरसाली जायचे तोडीला. मी आज्यापाशी. घर राखायला, शेळ्या राखायला. मागं ऱ्हायलो म्हनून शाळा झाली. न्हाईतर तुमच्या टेम्पोत असतो."

"राग यायचा का हो त्यांचा?"

"राग न्हाई. पन गाडी जाताना बघवायची न्हाई. एकदा बघितली तर कितीतर दिवस जेवन गेलं न्हाई. मग मी पाठ करून घराकडं बघत उभा ऱ्हायचो. आज्याला इचारायचो, आजा, गेली का?"

मी खाली वाकून केळी गोळा करत होते. बराच वेळ तशीच वाकून राहिले. एवढ्या वर्षांत मी त्या खुर्चीवरून किती हसले होते!

वडील उठले. डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "मुकादमाला सांगतो," ते म्हणाले, "यंदा अर्धा कोयता लाव म्हनावं. पोरगी ऱ्हाऊंद्या."

आम्ही सगळे फाटकापर्यंत गेलो. टेम्पोत भांडी, गाठोडी, एक शेळी आणि मधोमध गोधडी पाठीला लावून बसलेली रेणुकाची आई. वडिलांनी तिला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. तिने फक्त वाकता येईल तेवढं वाकून लेकीच्या तोंडावरून हात फिरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली. वडील वर चढले. टेम्पो घरघरला.

तो हलला आणि रेणुकाने रस्त्याकडे पाठ केली. कुणी शिकवलं नव्हतं तिला. फाटकाच्या गजांना धरून ती मैदानाकडे बघत उभी राहिली.

"रेणुका," सर म्हणाले, "फिर इकडं. आई बघतीया. हात कर तिला." मग म्हणाले, "मी कधी केला न्हाई. आजा सांगायचा, वळनापत्तुर माझी आई मागं बघत गेली म्हनून. तू कर. मी हाय इथं."

रेणुका वळली. तिने हात वर केला, सामन्यात करते तसा पूर्ण ताणून. टेम्पोतून दोन हात वर आले आणि हलत राहिले. तिच्या शेजारी गर्जे सरही रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मी त्यांना जाणाऱ्या कशाकडे असं बघताना पहिल्यांदाच पाहत होते.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी ते तसेच बघत होते. डोळे इतके भरले होते की त्यांना समोरचं काही दिसत नसावं.

"म्याडम," त्यांनी हळूच विचारलं, "गेली का गाडी?"

"गेली, सर," मी म्हटलं.