चौथ्या मजल्यापर्यंत एसडीआय

"चित्र सेकंदभरही मागे पडणार नाही, काका! माझी जबाबदारी!" असं मी छाती ठोकून सांगितलं, तेव्हाच कुणीतरी माझं तोंड दाबायला हवं होतं.

लग्नाचं व्हिडिओ शूटिंग हा माझा पनवेलमधला बारा वर्षांचा धंदा. कमळाकरकाकांच्या अनुष्काचं लग्न सोसायटीच्या मैदानात आणि खुद्द काका चौथ्या मजल्यावर, कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये! तीन दिवस आधी बाथरूममध्ये घसरले. एकुलती एक मुलगी, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही.

"मोबाईलवर नको," काका म्हणाले. "त्यान चित्र अडकतं. लगीन झाल्यावर अक्षता टाकू काय?"

"एसडीआय टाकतो!" मी म्हणालो. "एकच बारीक वायर, शंभर मीटर लांब. खालचं चित्र त्याच क्षणी तुमच्या टीव्हीवर!"

सकाळी चाचणी झाली. मंडपातल्या झेंडूच्या पाकळ्या मोजता येत होत्या! काकांचे डोळे भरून आले.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि वरून अनुष्काच्या शकूमावशीचा फोन: "निकेश, टीवी काला झाला!"

चार मजले धावलो. खिडकीबाहेर माझ्या वायरवर पाच ओल्या साड्या!

"हलदीच्या धुतल्या," मावशी म्हणाली. "दोरी मोकली दिसली."

जुन्या टीव्हीवर निदान मुंग्या तरी दिसायच्या. डिजिटलला मधलं काही ठाऊकच नाही. एकतर लख्ख, नाहीतर अमावस्या! साड्या ओढून काढल्या, पुन्हा खाली धावलो. वजनानं वायरचं टोक माझ्या व्हिडिओ मिक्सरमधून, म्हणजे सगळे कॅमेरे जोडलेल्या पेटीतून, उपटून पडलं होतं. मिक्सरच्या मागे अगदी सारखी दोन भोकं. भटजी शेवटच्या अष्टकावर! खुपसलं, फिरवलं, फोनवर ओरडलो, "आलं का?"

"आला! लय साफ!"

शुभमंगल सावधान! बँड वाजला. मी तिथेच मटकन बसलो.

तेवढ्यात फोनवर काकांचा आवाज. "निकेश, नवरी कुठं हाय रं? मी आचाऱ्यावर अक्षता टाकल्या!"

दुसरं भोक! त्यातून जात होतं अनुष्काच्या प्रणितमामांनी हौसेनं स्वयंपाकावर लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र! लेकीच्या लग्नाच्या क्षणी मी बापाला जमिनीवर सांडलेले पापड परातीत परत भरणारा आचारी दाखवला होता. तोही सेकंदाचा उशीर न होता.

हार गळ्यात तसेच ठेवून अनुष्का नवऱ्याला घेऊन वर आली. मी दारामागे.

"बाबा, दिसलं ना सगळं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझा धंदा, माझी अब्रू, सगळं त्या एका नजरेत लटकत होतं.

"दिसला गो बाय. सगला साफ." उरलेल्या अक्षता त्यांनी दोघांच्या डोक्यावर टाकल्या. अनुष्का रडली. मीही रडलो.

मग काकांनी तिला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाले, "फकस्त पापड खाऊ नको."