ढोके सर आणि बासरी

ढोके सरांचं पहिलं भांडण पंख्याशी असायचं. मे महिन्यातही खोलीत शिरले की ओरडायचे, "बंद कर त्याले! कानात भुणभुण करून राहिला." मग आम्ही घामाने निथळत बसायचो आणि सर डोळे मिटून काहीतरी ऐकत राहायचे. काय ते मला कधी कळलं नाही.

आमच्या कॉलेजच्या रेडिओ केंद्रावर ते नाटकं बसवायचे. बोलणं, संगीत आणि रस्त्यावरचे आवाज, सगळं एकात एक मिसळलेलं. कुणी कॉम्प्युटरवरून तयार आवाज घेतला की त्यांचं डोकं फिरायचं. "रेडिमेड आवाज म्हणजे उष्टं अन्न!" एकदा आवाज रेकॉर्ड करायला इतवारीच्या बाजारात गेलो, तर ते एका हातगाडीवाल्यावरच भडकले, कारण त्याची गाडी करकरत नव्हती.

"चाकाले तेल काहून टाकलं गा?"

"मंग तुम्हीच ओढा ना, काका!"

सरांनी खरंच ओढली, गल्लीच्या टोकापर्यंत.

मी खापा गावचा. बाबा हातमागावर विणतात. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे बाबांचं काम वर्गात सांगताना मी अडखळायचो. सरांना ते कळलं आणि त्यांनी मला रेकॉर्डर देऊन घरी पिटाळलं. मागाचे ठोके आणि ठोक्यांच्या मधे बाबांचं बोलणं, एवढ्यावर आमचं नाटक उभं राहिलं.

प्रसारणाच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी ते ऐकलं. "ही खटखट काढा. बासरी टाका."

"बासरी?" सरांनी टेबलावर हात आपटला. "माणूस विणून राहिला साहेब, गाई चारून नाही राहिला!"

शेवटी बासरीच वाजली. सर केंद्राच्या किल्ल्या फेकून निघून गेले, ते परत आले नाहीत. मलाही संताप आला होता. माझ्या बापाच्या कामाची प्राचार्यांना लाज का वाटावी? पण मी एक शब्द बोललो नाही, याचा राग अजून जात नाही.

आमचं केंद्र खाप्यापर्यंत ऐकू येत नाही. रविवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"तुहे सर आलते. माहा आवाज ऐकवला त्याईनं, मागासकट, पुरा."

"चिडले होते का?"

"नाही गा. दिवसभर मागापाशी बसून राहिले, चुपचाप. जाताना म्हणे, बुधवारी येऊ का? घरी एकट्यालेच जेवा लागते."

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"म्हटलं, बुधवार काहून? उद्याच या."