चौथी चकती

फॉर्मवर "छंद" असा रकाना असेल तर शहाण्या माणसानं "वाचन" लिहून मोकळं व्हावं. आमच्या कचेरीत सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. ज्यांनी जन्मात बसच्या तिकिटापलीकडे काही वाचलं नव्हतं, त्यांनीही. मीच काय म्हणून वेगळं लिहायला गेलो, देव जाणे. (कमळा म्हणते, देवाला कशाला त्रास, मलाच विचारा. कमळा माझी बायको.)

गोष्ट शहाऐंशीच्या डिसेंबरातली. मी आलापल्लीला सागवान डेपोच्या कचेरीत कारकून. बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, मार्चमध्ये रिटायर होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर दोघांचा डोळा होता, एक माझा आणि एक श्रीहरीचा. तेवढ्यात नवे साहेब आले. कडक माणूस. आल्याच्या आठवड्यात, आईला बरं नाही असं खोटं सांगून सुट्टीवर गेलेल्या एका गार्डाची त्यांनी सरळ भामरागडच्या घनदाट जंगलात रवानगी केली. मग सगळ्यांना बोलावून म्हणाले, मला माझी माणसं ओळखायची आहेत, आणि फॉर्म वाटले.

श्रीहरीनं लिहिलं, चित्रांच्या काडेपेट्या जमवणे, नग तीन हजार. साहेबांनी मान डोलावली. मला छंद असा नव्हताच. (झोप छंदात धरत नाहीत.) पण आदल्याच दिवशी शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर मी अर्धा लेख वाचला होता. जपानी लोक तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामध्ये एक लोखंडी चकती बसवत, हात कापू नये म्हणून. तिला त्सुबा म्हणतात. तिच्यावर नक्षी कोरलेली असते आणि मोठमोठे लोक ती हौसेनं जमवतात. लेखाचं शेवटचं वाक्य होतं, "त्सुबा टिकवायची असेल तर तिला वर्षातून एकदा तरी न चुकता," आणि तिथं कागद फाटला होता. मी लिहून टाकलं, जपानी तलवारींच्या चकत्या जमवणे.

साहेब खुर्चीत सरळ झाले. "किती आहेत तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"चार," मी म्हणालो. दहा म्हणणार होतो, पण माझा स्वभाव मुळात संकोची.

मग साहेबांनी सांगितलं की सव्वीस जानेवारीला गडचिरोलीत छंद प्रदर्शन आहे, तिथं या चारही चकत्या मांडा, मी जातीनं बघायला येतो. श्रीहरी माझ्याकडे बघून असा हसला, जणू माझी ट्रंक भामरागडच्या गाडीवर त्यानं स्वतःच्या हातानं चढवली.

घरी येऊन मी कमळाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मधात भोक असते त्या चकतीले? बाजूनं फुलं, पानं? अशा तर बाबानं ब्रह्मदेशातून आणल्या होत्या, लढाईतून. चारच होत्या."

मी त्या बाईचे पाय धरायचा बाकी राहिलो. नऊ वर्षं मी या घरचा जावई, आणि मला ठाऊक नाही! दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही दोघं एसटीनं सासुरवाडीला गेलो. वडशाच्या पुढं गाव आहे.

माझे सासरे मुखरूजी म्हणजे जुने शिपाई. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली त्यांचा फौजेतला फोटो, दोन्ही रोज पुसणार. त्यांनी माझा जयभीम घेतला, ऐकून घेतलं आणि मिशीत हसले. लढाई संपल्यावर जपान्यांच्या तलवारींचा ढीग पडला होता, म्हणाले. चांगल्या होत्या त्या साहेबलोकांनी नेल्या, मोडक्यांच्या चकत्या शिपायांनी उचलल्या. चार चकत्या चाळीस वर्षांपूर्वी या घरात आल्या आणि घरानं त्यांना कामाला लावलं. आमच्याकडे लोखंड बसून खात नाही.

पहिली गोठ्याच्या दाराच्या कडीखाली वायसर म्हणून होती. मी पान्यानं काढली आणि नवा वायसर लावून दिला. दुसरी शेजारच्या चैतूनं मासोळीच्या जाळ्याला वजन म्हणून बांधली होती. त्याला डेपोतला एक लोखंडी तुकडा देऊन ती सोडवली. तिसरी एका मारक्या गाईच्या गळ्यात होती, घंटीच्या जोडीला. चकती द्यायला गाईची हरकत नसावी, असं मुखरूजींचं म्हणणं. ते गाईनं ऐकलं नव्हतं. मी बांधावर, बांधावरून भाताच्या तणशीच्या ढिगावर आणि तिथून घराच्या छपरावरच्या कवेलूंवर असा प्रवास करून आलो, आणि तेवढ्या वेळात कमळानं गाईला गोंजारून चकती काढून घेतली. माहेरच्या गाई माहेरवाशिणीचं ऐकतात, यात विशेष काय? (पण पाच कवेलू फुटले, ते सासरे अजून काढून दाखवतात.)

चौथी विचारली तेव्हा मुखरूजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिचं नाव माह्याजवळ काढू नका, जवाईबापू," ते म्हणाले. "मी जपान्याशी लढलो. पण ते गोष्ट तुमी तुमच्या मामीजीलेच इचारा."

चौथी चकती बायनाबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, शेवेच्या साच्यात होती. त्यांचा साचा म्हणजे पितळेची तोफच. त्याची मूळची चकती तुटली तेव्हा नवऱ्यानं लढाईवरून आणलेली ही चकती त्यांनी बसवून पाहिली, ती अशी चपखल बसली की जपान्यांनी माप घेऊन केली असावी. तिच्यावर आरपार कोरलेल्या सोळा पाकळ्या. त्यांतून पट्टीदार शेव पडायची. मधल्या, तलवार बसवायच्या भोकातून बोटाएवढी एकच जाड पट्टी यायची. ती दर दिवाळीला माझ्या ताटात असायची. इतरांना कधी नाही, फक्त मला. एवढा मान असलेला जावई उभ्या तालुक्यात नसेल, असं मी श्रीहरीलासुद्धा ऐकवलं होतं.

त्या मानाच्या भरवशावर मी चकती मागितली. बायनाबाईंनी पदर खोचला. सत्तावीस जानेवारीला कमळाच्या धाकट्या बहिणीचं, आशाचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता आणि सव्वीसला शेव पाडायची होती. साठ माणसं फराळाला. चकती हलणार नाही, म्हणाल्या.

मी आधी विनवलं, मग लटकं रागावलो, मग खरंच डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा कमळा मध्ये पडली. तिनं आईला एकाच वाक्यात सांगितलं की हे भामरागडला गेले तर मी इथं राहायला येईन. बायनाबाईंनी साचा जवळ ओढला. मग म्हणाल्या, "मंग चकती जाईन तिथी मी जाईन. साचा घेऊन."

मी कबूल झालो, पण एक अट घातली. ही शेवेची चकती आहे हे गडचिरोलीत कुणाला कळता कामा नये. मोठमोठ्या सरदारांच्या कमरेची वस्तू, तिची काही अब्रू आहे की नाही? मी तोंड नाही उघडत, असं त्यांनी वचन दिलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकल्यावर एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. मी माझ्या टेबलावर लाल फ्लॅनेल अंथरून चारही चकत्या मांडल्या आणि पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात नावं लिहिली. नावं माझ्या मनाची होती. "वादळ", "समुद्र", "सिंहनाद" आणि चौथीचं "मौन". (ते नाव सासूबाईंना आठवण राहावी म्हणून.) टेबलामागं बायनाबाई मांडीवर साचा आणि शेजारी बेसनाचा डबा घेऊन बसल्या. कमळा मागच्या अंगणात चहावाल्याच्या भट्टीशी काहीतरी ठरवून आली. शेजारच्या टेबलावर श्रीहरीच्या तीन हजार काडेपेट्या होत्या.

अकरा वाजता साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर परीक्षक. परीक्षक म्हणजे नागपूरचे एक म्हातारे निवृत्त मेजर. त्यांनी खिशातून भिंग काढलं.

"सिंहनाद"वर ते वाकले. ती गाईच्या गळ्यातली. "हिला काय झालं?" ते म्हणाले. "जनावरानं चाटल्यासारखी दिसते." मी म्हणालो, काळाचा महिमा. बाकीच्या दोघींवर भिंग फिरवून ते नुसतं "गंज, गंज" म्हणत गेले. साहेबांच्या कपाळावर आठी पडली. श्रीहरीनं एक काडेपेटी उगाच सरळ केली. मला भामरागडची नदी दिसायला लागली.

मग मेजर चौथीपाशी आले आणि थांबले. भिंग खाली ठेवलं, चकती उचलून उजेडाशी धरली, बोट फिरवलं. या दमट जंगलात राहूनही हिच्यावर गंजाचा एक ठिपका नाही, ते साहेबांना म्हणाले, अशी निगा मी मोठ्या संग्रहांतही पाहिली नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कोण ठेवतं ही निगा?"

खोटं बोलायचं नाही असं मी आठवडाभर घोकलं होतं. "मीच, साहेब," मी म्हणालो.

"शाबास. हिला न चुकता तेल लावावं लागतं. कोणतं लावता?"

अरेच्चा, म्हणजे फाटलेल्या कागदावर ते होतं होय! पण कोणतं तेल, ते त्यावरही असेल की नाही कोण जाणे. मी खोबऱ्याचं म्हणालो, मग एरंडेल म्हणालो, मग नुसताच घाम पुसला.

"जवसाचं," मागून आवाज आला. बायनाबाई उभ्या राहिल्या होत्या. "मौन" संपलं होतं. "काऊन खोटं सांगून राह्यले, जवाईबापू? शेव पाडतो मी हिच्यातून, साहेब. चाळीस वर्सं झाली. दरखेपी कढत पाण्यानं धुवाची, पुसाची अन् जवसाचं तेल लावून ठेवाची. मंग कायचा गंज येते?"

साहेब माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, म्हणजे संग्रह तुमचा नाहीच. आता लपवण्यासारखं उरलं काय होतं? मी सांगून टाकलं. फॉर्म भरला त्या दिवशी माझ्याकडे एकही चकती नव्हती, पुडीचा कागद होता. गोठ्याचं दार, जाळं, गाय, कवेलू, सगळं सांगितलं.

मेजरांनी माझं काही ऐकलंच नाही. त्यांचं लक्ष साच्याकडे. हे करून दाखवाल का, त्यांनी बायनाबाईंना अगदी नम्रपणे विचारलं.

बायनाबाई त्याचीच वाट बघत होत्या, शेव तर पाडायचीच होती. कमळानं भट्टीवर कढई चढवलेलीच. अख्खं प्रदर्शन उठून अंगणात गेलं. साच्यात बेसन भरलं, चकती बसली, दांडा फिरला आणि सोळा पाकळ्यांतून सोनेरी पट्ट्या कढईत उतरल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीहरीसुद्धा काडेपेट्या उघड्या टाकून द्रोण घेऊन रांगेत उभा होता, आणि माझ्या मागं होता! मेजरांनी मधली जाड पट्टी उचलायला हात पुढं केला, तसा बायनाबाईंनी तो झाऱ्यानं अडवला.

"ते नोका घेऊ, साहेब. ते मधात कच्ची रायते, कोणी खात नाई. ते आमच्या जवाईबापूची."

नऊ वर्षांचा मान तिथंच कढईत तळला गेला. कमळा पदरात तोंड लपवून हसत होती. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं!

पण साहेब. तिसरा द्रोण संपवून त्यांनी रुमालानं बोटं पुसली आणि सगळ्यांसमक्ष निकाल दिला. "त्या दिवशी चार नव्हत्या. आज मी स्वतः चार मोजल्या. आणि यांनी सगळं खरं सांगितलं, मागितल्यापेक्षा जास्तच." पहिला नंबर आमचा आला. बक्षिसाची ढाल मी उचलली, साचा बायनाबाईंनी, आणि उरलेली शेव कमळानं. लाल गाडीत आम्ही तिघं अशा थाटात बसलो की कंडक्टरनं विचारलं, कोण निवडून आलं? साक्षगंधाला शेव पुरून उरली. भामरागडला कुणी गेलं नाही. एप्रिलात मी बडेबाबूच्या खुर्चीवर बसलो आणि श्रीहरीनं स्वतः येऊन हात मिळवला. आजही ती ढाल आमच्या भिंतीवर आहे, आणि मी ती मुखरूजींसारखी रोज पुसतो.

दोन वर्षांनी साहेब बदलून गेले. जाताना त्यांनी आपल्या हातानं प्रत्येकाच्या फायलीत शेरे लिहिले होते. नवे साहेब हजर झाले, दार लावून घेऊन त्यांनी माझी फाईल शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि माझ्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं. मी ताठ उभा राहिलो. आता त्सुबांबद्दल विचारतील म्हणून सोळा पाकळ्यांचं व्याख्यान जिभेवर तयार ठेवलं.

"बडेबाबू," ते म्हणाले, "ती मधली जाड पट्टी कच्ची राहते म्हणतात. तिचं तुम्ही काय करता?"

"खातो, साहेब," मी म्हणालो.