परबबाई आणि पेशीचं पटल

आमच्या परळच्या चाळीतल्या परबबाई माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याचा रक्तगट विचारत. माझं लग्न झालं तेव्हा बायको उंबरठ्यावर मनातल्या मनात उखाणा घोकत उभी, आणि बाई म्हणाल्या, “ते राहू दे. ओ की बी?”

“नाव आईबाप ठेवतात,” त्या म्हणत. “ही खूण रक्तातल्या पेशीच्या पटलावर असते. ती खोटं बोलत नाही.”

बाई आम्हाला शाळेत विज्ञान शिकवायच्या. म्हणजे पेशीचं पटल शिकवायच्या. हृदय, फुप्फुसं वगैरे किरकोळ मंडळी शेवटच्या आठवड्यात उरकली जात. “तेलकट रेणूंचा दुपदरी पडदा! दिसत नाही इतका पातळ. पण साखरेला वेगळं दार, मिठाला वेगळं. कोणाला आत घ्यायचं हे जोवर ठरवता येतं तोवर पेशी जिवंत. कोणीही घुसायला लागलं की मेली!” हे पाठ नसलेल्याला त्या ‘मेलेली पेशी’ म्हणत. मी चार वर्षं मेलेलाच होतो.

बाईंनी लग्न केलं नाही. त्या आणि धाकटा भाऊ बंडू, एवढंच घर. बंडूच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा बाईंनी आपली एक देऊ केली. रक्तगट जुळला. बाईंनी चाळभर पेढे वाटले. मग पुढची तपासणी झाली. आजारपणात बंडूला रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. त्यामुळे म्हणे त्याचं रक्त आता बाईंच्या पेशींवर तुटून पडत होतं; त्यांची किडनी चालणार नव्हती. डॉक्टर पटलावरच्या खुणा समजावू लागले. बाई म्हणाल्या, “हे मी तीस वर्षं शिकवतेय. पुढचं बोला.”

पुढचं काही नव्हतं.

घरी बंडू हसत म्हणाला, “ताये, ल्हानपणापासून माझा रगात तुझ्यार खवळता. आता कागदार ईला.”

शीवला राहणारा बाईंचा थोरला भाऊ तपासणीला यायला तीनदा कबूल झाला. तिन्ही वेळा त्याला नेमकं गावी जावं लागलं. आम्ही शेजारी तर जिन्यात बाई दिसल्या की मोबाईल कानाला लावायचो. त्यांनी आमच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागतील, ही भीती पुरेशी होती.

दीड वर्ष डायलिसिसवर काढून बंडू गेला. थोरला बाराव्याला आला, पोटभर जेवला, “देवाची मर्जी” म्हणाला. बाई त्याला म्हणाल्या, “भात घे अजून. दोन किडन्या आहेत तुझ्या, पचेल.”

गेल्या महिन्यात मेहुण्याला घेऊन, बंडू जायचा त्याच इस्पितळात गेलो होतो. डायलिसिसच्या खोलीत बाई दिसल्या. एका म्हाताऱ्याच्या हातावर, सुई काढलेल्या जागी, कापूस दाबून बसलेल्या.

“बाई, हे कोण?”

“मला काय माहीत? यांच्याबरोबर कोणी येत नाही. रक्त थांबेपर्यंत कोणीतरी दाबून धरायला लागतं.”

“कधीपासून येताय?”

“बंडू गेला त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून. मंगळवार, शुक्रवार.” त्यांनी बोट न हलवता मान वळवली. “पलीकडच्या खाटेवरच्या आजींचंही आत्ता झालंय. बघत काय राहिलास? हात धू आणि बस तिथे.”

मी हात धुतले.