इवायाचं इंजिन

व्याह्यांचं इंजिन परत करायच्या दिवशीच ते बंद पडलं. सहादेव नानांना वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. काष्टीच्या वाचनालयात आयुष्यभर पुस्तकं देता-घेता त्यांनी एक गोष्ट पक्की ओळखली होती. पान कुणीही फाडो, सुटून येतं ते आपल्याच हातात.

इंजिन तसं लहानच होतं. पेट्रोलवरचं, दोरी ओढून चालू करायचं, पाणी उपसायचं. उन्हाळ्याच्या तोंडी नानांची विहिरीवरची मोटर जळाली आणि लिंबाची नवी रोपं माना टाकू लागली. तेव्हा सूनबाईचे वडील रंभाजी न बोलावता खर्ड्याहून टेम्पोत हे इंजिन घालून आले. "इवाई, मोटर भरून येस्तवर वापरा," एवढंच म्हणाले आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. रोपं जगली. मोटरही नवं वायंडिंग भरून आली. आज दुपारी रंभाजी इंजिन न्यायला यायचे होते.

नानांना तोंडाने आभार मानता येत नसत. भावना दाटून आली की ते घसा खाकरत आणि पावसापाण्याचं विचारत. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, इंजिन असं चकचकीत करून द्यायचं, की जे बोलायचं ते त्यानेच बोलावं.

सकाळी त्यांनी ते पुसलं, पाइप अंगणातल्या हौदात सोडला, टाकीत पेट्रोल भरलं, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक आठवणीने उघडला आणि दोरी ओढली. इंजिन झकास चाललं. नाना ते बंद करून न्याहारीला गेले. सूनबाई सीमा हौदावरून कळशी भरून घेऊन आली. न्याहारी झाल्यावर नानांच्या मनात आलं, एकदा पुन्हा बघावं.

इंजिन चालू झालं, थोडा वेळ चाललं, खोकलं आणि थांबलं. मग कितीही दोरी ओढली तरी हूं नाही की चूं नाही.

"परत कशाला चालू केलं?" नानांच्या पत्नी पुष्पावतीबाई दारातून म्हणाल्या.

"खात्री करायला."

"झाली का?"

 नानांनी प्लग काढला, घासला, बसवला. काही फरक नाही. पेट्रोल भरलेलं होतं, कॉक तर सकाळीच उघडलेला. तो प्रश्नच नव्हता. मग राहिलं काय? नानांचा हात लागला होता, तेवढंच राहिलं.

इतक्यात शेजारचा कानिफनाथ बांध ओलांडून आला. गावात कुणाचीही गाडी बंद पडली की त्याला वास येतो.

"नाना, सरका. कार्बोरेटरात कचरा अडकलाय, दुसरं काय न्हाई." त्याने खाली वाकून बघितलं. "कॉक बंद करून ठेवलाय व्हय? शाब्बास. निम्मी माणसं इसरत्यात आन् खोलताना पेट्रोल अंगावर घेत्यात."

कॉक बंद केल्याचं नानांना मुळीच आठवत नव्हतं. पण कुणी शाबासकी द्यावी आणि आपण तिला हरकत घ्यावी, एवढा त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता. केला असेल आपणच. वय झालं आता.

कार्बोरेटर सुटा होऊन पुष्पावतीबाईंच्या परातीत आला.

"त्यात मी कणीक मळते," त्या म्हणाल्या.

"काकी, घासली की झालं."

"कोण घासणार, ते पण सांग."

कार्बोरेटरची वाटी कोरडी ठणठणीत होती आणि तिच्या बुडाला हिरवट गाळ धरला होता. कानिफनाथने तो गाळ नानांच्या नाकासमोर धरला. "ह्यो बघा चोर." मग त्याने वायरीतली बारीक तार घेऊन पेट्रोल जायचं भोक मोकळं केलं, फुंकलं, सगळं जोडलं, कॉक उघडला आणि दोरी ओढली. इंजिन गाऊ लागलं. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी घसा खाकरून पावसाचं विचारलं.

"आता वरीसभर बघायचं काम न्हाई," कानिफनाथ म्हणाला. इंजिन बंद करून दोघे आत चहाला गेले. सीमाने चहा दिला आणि ती रिकामी कळशी घेऊन हौदाकडे गेली.

चहा घेऊन बाहेर आल्यावर कानिफनाथने पुष्पावतीबाईंना दाखवायला म्हणून पुन्हा दोरी ओढली. इंजिन थोडा वेळ चाललं, खोकलं आणि थांबलं.

कानिफनाथने दोरी सोडून हात झटकले. "म्हशीची धार काढायची राह्यलीय," तो म्हणाला.

"भर दुपारी?" पुष्पावतीबाई म्हणाल्या.

"ती येगळी हाय जरा," असं म्हणत तो बांधापलीकडे गेलासुद्धा.

तेवढ्यात टेम्पो वाजला.

नानांनी रंभाजींना आधी हातपाय धुवायला लावले, मग जेवायला बसवलं, मग तिसरी भाकरी वाढायला लावली. चौथी वाढू लागताच रंभाजी ताटावर हात धरून उठले आणि थेट इंजिनापाशी जाऊन बसले.

"रंभाजीराव, एक सांगायचं होतं," नाना मागून म्हणाले. "तुम्ही एवढ्या विश्वासाने दिलं, पण माझ्या हातून..."

रंभाजींचं लक्ष नव्हतं. त्यांचा डावा हात सवयीने टाकीखाली गेला, जरा फिरला. मग त्यांनी दोनदा दोरी ओढली. इंजिन चालू झालं. चालतच राहिलं. हौदातलं पाणी हौदात धो धो पडत राहिलं, आणि नाना देवळात उभं राहावं तसे हात जोडून उभे राहिले.

शेवटी रंभाजींनीच ते बंद केलं. ताटलीत चहाचे कप घेऊन आलेल्या सीमाने ती हौदाच्या कडेला ठेवली, खोलीतून निघताना दिवा मालवावा तशी वाकली आणि कॉक बंद केला.

"ल्हानपनापासनं शिकवलंय तिला," रंभाजी कौतुकाने म्हणाले. "इंजिन बंद केलं की कॉक बंद. चालू करताना पैला कॉक उघडायचा, न्हाईतर वाटीतलं पेट्रोल सरलं की ते थांबतं. आमच्या घरात झोपंत बी कुनी चुकायचं न्हाई."

नानांनी सीमाकडे बघितलं. सीमाने नानांकडे बघितलं.

"मामा," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही सकाळपासून उघडतच नव्हता?"

"एकदा उघडला होता," नाना तितक्याच हळू म्हणाले. "मला वाटलं, पुरे."

सीमा पदर तोंडाला लावून आत पळाली.

"कार्बोरेटर साफ केला जनू," रंभाजी इंजिनावर हात फिरवत म्हणाले.

"हो. थोडासा."

"तरीच. दोन वरसं झाली, ह्ये चालता चालता घुटमळायचं. इवायाला असलं देऊन आलो, म्हनून लाज वाटत हुती. तवाच तर चा न घेता पळालो. वाटलं, चालू करून दावा म्हनाल." त्यांनी इंजिन नानांकडे सरकवलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. तुमच्या हाताला गुन हाय."

"नाही हो," नाना घाईने म्हणाले. पाऊस त्यांच्या जिभेवर आला होता, पण या वेळी त्यांनी तो गिळला. "माझ्या हाताचं काही नाही. आज इथं जे झालं ना, ते सगळं तुमच्या मुलीमुळे झालं. ती नसती तर कार्बोरेटर खोलायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. तुम्ही इंजिन दिलंत, त्याआधी मुलगी दिलीत. आमची झाडं जगली ती तुमच्यामुळे."

रंभाजींनी उपरण्याने डोळे पुसले. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पुष्पावतीबाईंचं हसू.

टेम्पो रिकामाच परत गेला. तो वळणाआड होईपर्यंत नाना उभे होते. मग ते हळूच इंजिनाजवळ गेले, इकडेतिकडे बघितलं आणि टाकीखाली वाकले.

"बंद हाय, मामा," खिडकीतून सीमा म्हणाली.