एक भोंगा खैरखेडकडे

लग्न कुणाचंही असो, गणपतभाऊंचा एक भोंगा मांडवाकडे तोंड करून असायचा आणि दुसरा खैरखेडकडे. खैरखेड आमच्या गावापासून कोसभर. मध्ये एक नाला आणि नाल्याच्या दोन्ही अंगांना कपाशीची शेतं. त्या दिशेला ना मांडव, ना जानवसा. मुलीचा बाप बिचारा खालून ओरडायचा, "गणपतभाऊ, तिकडं कोन बसलं हाय आयकाले?"

वर निंबाच्या फांदीवर बसून तार आवळता आवळता गणपतभाऊ सांगायचे, "वारा तिकडून इकडं येऊन राह्यला नं! आवाज तिकडं फेकला का वारा त्याले वापस आनते. तुमाले दोन डाव गानं आयकू येईन. खर्च एकाचाच."

हे शास्त्र त्यांनी कुठून आणलं होतं देव जाणे. पण धामणगाव बढ्यात लाउडस्पीकर त्यांचा एकट्याचाच असल्यामुळे वाऱ्यालाही त्यांचं ऐकावं लागत असे.

मी तेव्हा तिथल्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या काट्यावर कारकून होतो. माझी खोली आणि त्यांचं घर यांच्यामध्ये मातीची एकच भिंत. त्यामुळे त्यांच्याकडे वाजलेली प्रत्येक रेकॉर्ड मी अंथरुणात बसून ऐकलेली आहे, बऱ्याचदा इच्छा नसताना. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. गणपतभाऊंना हे पहिल्याच आठवड्यात कळलं आणि त्यांना फार आनंद झाला. "काटेबाबू, तुमी कोरे हा. कोऱ्या मानसाचाच निकाल खरा," असं म्हणून त्यांनी मला कायमचा पंच करून टाकलं.

माणूस हडकुळा, उंच, खांद्यावर सदैव तारेचं भेंडोळं. रेकॉर्डी पुसायला एक तांबडं मखमली फडकं होतं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा गोदावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घाईत त्या फडक्यानं चहाची किटली धरली. त्या दिवशी गणपतभाऊ जेवले नाहीत. वहिनी सांगायच्या, "मी तापानं फणफणली होती तवा मले इचारलं नाई, अन् फडकं पोळलं तं मानूस रडाले आला."

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच. त्यांच्या मशीनवर सिनेमाचं गाणं वाजत नसे. लावणी वाजेल, भारूड वाजेल, कव्वाली वाजेल, कुठल्यातरी फडातल्या सोंगाड्यानं म्हटलेलं खुळचट गाणंही वाजेल. सिनेमाचं नाही म्हणजे नाही. अशा बिगरसिनेमाच्या रेकॉर्डींना ते 'सुटी रिकार्ड' म्हणत. "शिनेमाच्या गान्याले पडदा लागते, नटी लागते, घोडा लागते. सुटी रिकार्ड एकटी येते. तिच्यापाशी गळा सोडून कायीच नसते. अन् तरी ती नाल्यापल्याड पोचली, तं ती खरी!"

या हट्टापायी त्यांनी जे गमावलं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

त्यांना एकुलती एक लेक, कमल. तिला दिली खैरखेडच्या शेषरावांच्या घरी. शेषराव म्हणजे तालेवार शेतकरी, मिशा पिळदार आणि सिनेमाचे भलते शौकीन. जत्रेतल्या तंबूत एक सिनेमा त्यांनी इतक्यांदा पाहिला होता की तंबूवाला त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवायचा. पोराची वरात त्याच सिनेमातल्या गाण्यावर निघावी अशी त्यांची हौस. रेकॉर्ड आणायला माणूस पाठवायलाही ते तयार होते. वरात दाराशी उभी, घोडा सजलेला, आणि शेषरावांनी फर्माईश केली. गणपतभाऊंनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

"इवाई, जीव मागा. माह्या मशीनवर शिनेमाचं गानं नाई वाजत."

शेषरावांचा चेहरा त्यांच्या फेट्याच्या रंगाचा झाला. "मंग माह्या घरची सून तुमच्या दारी नाई येत!"

लोकांना वाटलं, रागाच्या भरात बोलले, उतरेल राग. नाही उतरला. कमल गेली ती गेलीच. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, पुरणाचे मांडे खातात. गल्लीतल्या साऱ्या लेकी यायच्या. गणपतभाऊंच्या दारचा झोका दरवर्षी बांधला जायचा आणि शेजारच्या पोरी त्यावर बसायच्या.

तर अशात महाराष्ट्र होऊन दहा वर्षं होत आली. गावात ठरलं की महाराष्ट्र दिनाला शाळेच्या मैदानावर झेंडा लावायचा, भाषणं करायची आणि मग गेल्या दहा वर्षांतली सगळ्यांत भारी सुटी रेकॉर्ड वाजवायची. ही कल्पना सरपंचांची. बिचाऱ्यांना आपण कुठल्या मोहोळात हात घालतोय याची कल्पना नव्हती.

महिनाभर गावाला दुसरा विषय राहिला नाही. गणपतभाऊंच्या ओट्यावर संध्याकाळी वाद रंगायचा. समोरच्या बाजूनं लढायला उस्मानभाई, सायकल दुरुस्तीवाले. हे कव्वालीचे भक्त. त्यांच्या मते दहा वर्षांत एकच रेकॉर्ड झाली, एका बुजुर्ग कव्वालाची, जिच्यात तो मध्येच श्वास रोखून थांबतो आणि ऐकणाऱ्याचाही श्वास अडकतो.

"काटेबाबू, खुदा कसम, तो थांबते तवा माह्या हातातला पंप थांबते!" उस्मानभाई उठून उभे राहायचे. "गिऱ्हाईक बोंबलते, हवा भरा म्हनून. कुटून भरू? माहीच हवा निघून जाते!"

"गळा हाय, कबूल!" गणपतभाऊ मांडीवर थाप मारायचे. "पन नाल्यापल्याड पोचते काय? नाई पोचत! तिथवर जाता जाता तुमचा कव्वाल बसून जाते. कोंबडीची रिकार्ड पोचते!"

कोंबडीची रेकॉर्ड हे या वादातलं सर्वांत मोठं आश्चर्य. हा माणूस, ज्यानं आयुष्यभर रेकॉर्डी पारखल्या, तो दहा वर्षांतली सर्वश्रेष्ठ म्हणून कशाच्या मागं उभा राहावा? तर एका सोंगाड्याच्या गाण्याच्या मागं, ज्यात कोंबडी पाटलाच्या पगडीत अंडं घालते आणि पाटील ती पगडी घालून कचेरीत जातो. मध्ये मध्ये सोंगाडी स्वतःच कोंबडीसारखा ओरडतो. वर त्या रेकॉर्डीला चरा पडलेला. 'पगडीत' या शब्दावर सुई अडकायची आणि पगडीत, पगडीत, पगडीत असं सुरू व्हायचं. मग गणपतभाऊ बोटाच्या टोकानं सुई हळूच पुढं ढकलायचे.

"चरा पडलेली रिकार्ड अव्वल?" उस्मानभाई कपाळावर हात मारायचे. "अहो, पंक्चर ट्यूब इनाम मांगून राह्यली!"

लोक पोट धरून हसायचे. चहा यायचा, पुन्हा मशीन लागायचं, पुन्हा कव्वाल, पुन्हा कोंबडी. बाजाराच्या दिवशी तर भाजी घेऊन आलेल्या माळणीसुद्धा टोपल्या खाली ठेवून मत देऊ लागल्या. कापूस तोलताना शेतकरी मला विचारायचे, "काटेबाबू, पारडं कुटं हाय?" मी म्हणायचो, "कापसाचं सांगतो, कोंबडीचं विचारू नका." असे उत्साहाचे दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत.

खरं सांगायचं तर माझा निकाल ठरलेला होता. कव्वालीच. त्या कव्वालानं श्वास रोखला की माझ्यासारख्या दगडालाही काहीतरी व्हायचं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी गणपतभाऊंना ते आधीच सांगावं म्हणून गेलो. ते घरी नव्हते, भोंगे बांधायला गेले होते. गोदावहिनी दारात झोक्याचा दोर तपासत होत्या.

मी म्हटलं, "वहिनी, भाऊंना सांगा, उद्या कोंबडी हरणार. पण मला एक कळत नाही, त्या गाण्यात त्यांना एवढं काय दिसतं?"

वहिनींनी दोर सोडला. "कमलचं गानं हाय ते. लगनाआधी हसू हसू लोळे पोरगी. सुई अडकली का ती पुढं ढकलाचं काम तिचं, बापाले हात लावू देत नव्हती. आता हे तिकडं भोंगा करून तेच वाजोत राह्यतात. तिनं आयकावं म्हनून."  मग एकदम तडकल्या, "पन पोरगी का गान्यानं येते काय? आखाजी आठ दिसावर आली. इवायाचं एक गानं लावलं असतं तं काय मशीन मोडलं असतं? म्या आज सकाळी सांगून देल्लं त्याईले. म्हनलं, रिकार्डी सांभाळल्या तुमी, पोरगी नाई सांभाळली."

मी मान खाली घालून परत आलो. भिंतीपलीकडे त्या संध्याकाळी प्रथमच काही वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान भरलं. झेंडा झाला, भाषणं झाली. सरपंचांनी निकालासाठी माझं नाव पुकारलं. मी उठून माइक घेतला तर काय, गणपतभाऊ मैदानाकडेच्या निंबावर! दोन्ही भोंगे सोडवून त्यांनी दोन्ही खैरखेडकडे फिरवले होते. अख्ख्या गावाकडे भोंग्यांची पाठ.

"गणपतभाऊ!" सरपंच ओरडले. "आमच्याकडं पाठ काऊन?"

"तुमाले जवळून आयकू येते!" म्हणत ते सरसर खाली उतरले, आले, आणि त्यांनी माइक माझ्या हातातून काढूनच घेतला. 

"हॅलो. खैरखेडचे शेषराव इवाई, आयकून घ्या. म्या गणपत बोलून राह्यलो." त्यांनी माइक आणखी जवळ घेतला. "दहा वर्सांतली सगळ्यात भारी रिकार्ड ही हाय. तुमची. त्या दिवशी लावाले पायजे होती. माह्यं चुकलं."

पिशवीतून त्यांनी एक रेकॉर्ड काढली. तिचं कागदी पाकीट कोरं करकरीत होतं, पण कडा पिवळ्या पडलेल्या. ही रेकॉर्ड त्यांनी लेकीच्या लग्नानंतरच्या आठवड्यातच मलकापूरला जाऊन आणली होती आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिली होती, हे मला नंतर वहिनींनी सांगितलं. इतकी वर्षं ती लावायचं धाडस झालं नाही. फडक्यानं त्यांनी ती पुसली, सुई ठेवली आणि गणपतभाऊंच्या मशीनवर सिनेमाचं गाणं वाजलं!

उस्मानभाई खुर्चीवर चढले. "अरे, हे का झालं! ना कोंबडी, ना कव्वाल!" पण ओरडता ओरडता त्यांच्या ध्यानात आलं आणि ते तिथंच टाळ्या वाजवू लागले. मग सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं. त्या गोंधळात गणपतभाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काटेबाबू, गानं तसं भिकारच हाय हं."

पुढचे दिवस फार वाईट गेले. खैरखेडकडून काही निरोप नाही. गणपतभाऊ ओट्यावर बसायचे आणि नाल्याच्या वाटेकडे पाहायचे. वाद बंद पडले. उस्मानभाई येऊन चहा पिऊन निघून जायचे.

आखाजीच्या सकाळी गल्लीत झोके चढले, पोरींची गाणी सुरू झाली. ऊन चढायच्या सुमारास एक दमणी येऊन गणपतभाऊंच्या दारात थांबली. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. आधी शेषराव उतरले, मिशा तशाच पिळदार. ओट्यासमोर उभे राहून त्यांनी घसा खाकरला आणि दरडावून विचारलं, "त्या रिकार्डीची दुसरी बाजू काऊन नाई लावली?"

गणपतभाऊ ओट्यावरून धडपडत उठले. म्हणाले, "लावतो नं, इवाई. बसा तं खरं. पानी घ्या."

मागून कमल उतरली. वहिनी आतून धावत आल्या आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. शेषरावांनी पाणी घेतलं, दुसरी बाजू ऐकली, मान डोलावली. मग गणपतभाऊंनी कोंबडी लावली. पगडीपाशी सुई अडकली. पगडीत, पगडीत, पगडीत. गणपतभाऊंनी हात पुढं केला नाही. कमल सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन उभी होती, तिचा पाय उचलेना.

"जाय नं पोरी," शेषराव म्हणाले, "ढकल तिले पुढं."

कमल वाकली आणि बोटाच्या टोकानं तिनं सुई ढकलली. कोंबडी ओरडली, कमल खुदकन हसली. गणपतभाऊंनी ते तांबडं फडकं उचललं आणि त्यानंच डोळे पुसले.